एका खात्याचं कुटुंब

बैठक रविवारी सकाळी दहाला ठरली, कारण रविवारी सकाळी दहाला दादा कॉम्प्युटर पुसत आणि त्या वेळी सगळ्यांनी हॉलमध्ये हजर असावं असा त्यांचा आग्रह असे. पुसणं म्हणजे साधंसुधं पुसणं नव्हे. आधी आत्याने शिवलेलं झालरीचं आवरण काढून त्याची घडी करायची, मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक बटण चोळायचं, मग टेबलामागे वाकून वायरी हलवून बघायच्या. शेवटी व्हायरस पकडणारे तीन प्रोग्रॅम एकामागून एक चालवायचे. हे तिघे एकमेकांनाच व्हायरस समजत, त्यामुळे दर रविवारी काही ना काही सापडायचंच आणि दादांची मान ताठ व्हायची. अपडेट मात्र त्यांनी सात वर्षांत एकदाही होऊ दिलं नव्हतं. आपलं चांगलं चाललेलं यंत्र कोण कुठली माणसं लांबून येऊन बदलणार, हे त्यांना पसंत नव्हतं.

दादा वजनमापे निरीक्षक होते. दिवसभर दुकानादुकानांतून हिंडायचं आणि लोकांचे तराजू तपासायचे, हा त्यांचा पोटाचा धंदा आणि मनाचाही. घरी आल्यावर तपासायला तराजू नसत, तेव्हा ते माणसं तपासत.

मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्थाही त्यांचीच. त्यांनी नियम छापून, लॅमिनेट करून कॉम्प्युटरच्या वर ठोकले होते आणि नको ती पानं अडवणारी एक गाळणी बसवली होती. ही गाळणी शरीराच्या अवयवाचं नाव दिसलं की दार लावून घ्यायची. त्यामुळे आत्याला ब्लाउजचे नवे गळे बघता येत नसत, आणि आजोबांच्या छातीत कळ आली त्या दिवशी काय करावं हे शोधायला गेलेल्या काकूंना, म्हणजे दादांच्या बायकोला, 'हे पान आपल्या वयासाठी योग्य नाही' असं उत्तर मिळालं होतं. काकूंचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं.

आणि एवढ्या बंदोबस्तात खातं एकच. 'कुटुंब' नावाचं. पासवर्ड नाही. हा आजोबांचा दंडक. वाटणीच्या वेळी स्वयंपाकघरं दोन झाली, देवघेव बंद झाली, सहा महिने बोलणंही बंद होतं, पण कॉम्प्युटर एक राहिला. "आपल्यात एकमेकांपासून लपवण्यासारखं आहे काय?" असं आजोबा छाती ठोकून म्हणत. त्या एकाच खात्यातून आजोबा पत्रं लिहीत, आत्या फोटो पाठवी, दादा तक्रारी करत, आणि बारा वर्षांची बेडकी आपले पोहण्याचे व्हिडिओ बघे. पोहते म्हणून बेडकी. हे नावही आजोबांचंच. दादांनी तिच्यासाठी 'आमची जलकन्या' असं एक पान उघडलं होतं आणि त्यावर तिची पदकं, तिचा क्लब, तिच्या सरावाच्या वेळा सगळं मोठ्या कौतुकाने मांडलं होतं. कोणीही यावं आणि बघावं.

प्रकरण असं होतं. शनिवारी संध्याकाळी बेडकीने ते पान उघडलं, तर त्यावर एक निरोप होता. सोमवारी साडेपाचला तलावाच्या छोट्या गेटपाशी गाडी घेऊन थांबतो, घरी सांगू नकोस, गंमत आहे. तिने तो वाचला आणि तडक जाऊन आईला सांगितला. तिने केलं ते एवढंच. आईने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने या घराच्या रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाला, म्हणजे दादांना सांगितलं, आणि थोरल्या भावाच्या कानावर पडताच ती गोष्ट निरोप पाठवणाऱ्याची राहिली नाही, बेडकीची झाली.

"बस तिथे," दादा म्हणाले. कॉम्प्युटरजवळचं स्टूल त्यांनी हॉलच्या मध्यभागी ओढलं होतं. बाकी सगळे भिंतीकडेने बसले होते.

"काका, मी फक्त—"

"विचारेन तेव्हा बोलायचं." त्यांनी चष्मा लावला. "हा माणूस कोण?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि तो गाडी घेऊन येतो म्हणतो! माझ्या घरातल्या मुलीला! आम्ही या यंत्राची एवढी निगा राखायची, आणि हिने त्यातून गावभर हिंडायचं."

बेडकीच्या बापाने चुळबूळ केली. तो चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात होता. दिवसभर इतरांना स्पष्ट दिसावं म्हणून राबायचा आणि घरी आला की दादांना जे दिसे तेच त्याला दिसायचं. आताही त्याला वाटत होतं, दादा जरा जोरात बोलतायत, पण पोरीच्या भल्यासाठीच बोलत असणार. फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना.

"दादा, पण त्याला छोटं गेट कसं कळलं? तिथून क्लबची चारच पोरं बाहेर पडतात."

"कसं म्हणजे? हिनेच सांगितलं. दुसरं कोण सांगणार?"

"मी नाही सांगितलं," बेडकी म्हणाली.

"बघ. आता खोटंही."

आत्या मान खाली घालून मांडीवरच्या कापडाचे सुटे दोरे तोडत होती. तिचं शिवणाचं दुकान होतं, दोन मशिनी आणि एक आरसा, आणि उभ्या आयुष्यात तिच्या हाताचं कौतुक कुणी लेखी केलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी त्या पानावर एक निरोप आला होता. 'फोटोतला टॉवेलचा झगा कोणी शिवला आहे? इतकं सुबक काम हल्ली दिसत नाही.' निरोप पाठवणारा स्वतःला क्रीडा-छायाचित्रकार म्हणवत होता. आत्या विरघळली. झग्याचे पुढून, मागून, बाजूने असे पाच फोटो तिने पाठवले, अर्थात झग्यात बेडकीही होतीच. तो हाच माणूस असेल असं तिला कालपासून वाटत होतं. तिने एक दोरा आणखी तोडला आणि म्हणाली, "हल्लीच्या पोरींना काही सांगायची सोय नाही."

आजोबाही गप्प होते, आणि आजोबा गप्प असणं या घरात अशुभच. चाळीस वर्षं त्यांनी टंकलेखनाचा वर्ग चालवला होता. आता कुणी पत्र लिहीत नाही आणि लिहिलं तर मायना घालत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. अशात त्या पानावर त्यांना कुणीतरी 'आदरणीय' म्हटलं, आणि 'आपण नातीवर हे संस्कार कसे केलेत' असं विचारलं. आजोबांनी चार परिच्छेदांचं उत्तर दिलं होतं, समासासकट. त्यात संस्कार होते आणि ओघात बरीच माहितीही होती. 'फार पुढचा विचार करू नये' असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि घसा खाकरला. "थोरला म्हणतो ते बरोबर आहे. पोहणं बंद करा तिचं."

बेडकीने आईकडे बघितलं. पुढच्या महिन्यात तिची मोठी स्पर्धा होती. त्यासाठी ती सहा महिने रोज पहाटे उठत होती.

"निकाल लागला, झालं," दादा म्हणाले. "पोहणं बंद, कॉम्प्युटर बंद. मी ते पान, ते निरोप सगळं पुसून टाकतो, यंत्र फॉरमॅट करतो, आणि विषय संपला."

"थांबा," बेडकीची आई म्हणाली. "मला आधी सगळं वाचायचंय."

"मी वाचलंय. तुला वाचायची गरज नाही."

"तुम्ही शेवटचा निरोप वाचलात. मला पहिल्यापासून वाचायचंय."

ती बसडेपोत वेळ नोंदवण्याच्या खिडकीत काम करायची. बस उशिरा आली की ड्रायव्हर सबबी सांगत. टायर, सिग्नल, सासूचं आजारपण. ती सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग घड्याळात बघून जी वेळ असेल ती लिहायची. सोळा वर्षांत तिने कुणाशी वाद घातला नव्हता आणि कुणाचं ऐकलंही नव्हतं. दादा आडवे आले, तशी ती त्यांना वळसा घालून खुर्चीत बसली आणि पान वर सरकवायला लागली.

"हे बेडकीचं," ती म्हणाली. "'तुम्ही कोण? मला तुमच्याशी बोलायचं नाही.' गेला सोमवार, संध्याकाळी सहा दहा. आणि हे. 'माझे फोटो मागू नका.' बुधवार, सहा पाच. पोहून आल्यावरच्या वेळा." तिने आणखी वर सरकवलं. "आणि हे पाच फोटो. पाठवलेत तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी दुपारी दोनला. ताई, त्या शनिवारी दुपारी दोनला बेडकी शाळेच्या सहलीला होती. आपण दोघींनी डबा भरला होता."

आत्याचा चेहरा पडला. "झगा आवडला म्हणत होता गं. मला वाटलं, सभ्य माणूस आहे."

"दुकानाचा पत्ताही दिलाय तुम्ही."

"गिऱ्हाईक मिळेल म्हणून…" आत्याने ओढणीने डोळे टिपले. त्या पोरीचा गाल लहानपणी आपणच रोज पुसला, हे तिला आत्ताच का आठवावं, कोण जाणे.

"आणि हे मोठं पत्र. गुरुवार, सकाळी नऊ पन्नास. शाळा सुरू असते तेव्हा." बेडकीची आई वाचायला लागली. "'सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राने अत्यंत संतोष जाहला. तिचे आईवडील दोघेही सहापर्यंत कामावर असल्याने ती एकटीच चालत घरी येते, इतकी स्वावलंबी आहे…'"

पुढे वाचायची गरज पडली नाही. 'संतोष जाहला' असं लिहिणारा या घरात एकच माणूस होता. आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"पत्राला उत्तर द्यावं, ही रीत आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा. रीतीने सगळं कळवलंत तुम्ही."

सुनेने सासऱ्याला असं बोललेलं या घरात कुणी ऐकलं नव्हतं. बेडकीचा बाप दचकला, आणि दचकल्यावर त्याला कळलं, की आपल्याला राग तिचा आलेला नाही.

"गेटचं कुणी सांगितलं ते बघ," तो बायकोला म्हणाला.

"मी म्हणतो, आता पुरे," दादा म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांना असं उघडं पाडायचं? चूक झाली, सगळ्यांची झाली. मी पुसून टाकतो."

"मंगळवार," बेडकीची आई वाचत होती. "अकरा वीस. 'मोठ्या गेटवर गर्दी फार असते, म्हणून ती छोट्या गेटने बाहेर येते. बरोबर साडेपाच. आपण अवश्य यावे व छायाचित्रे घ्यावीत. आपला विश्वासू.'"

मंगळवारी अकरा वीसला दादा कुठल्यातरी दुकानात तराजूवर वाकलेले असणार, असं सगळ्यांना वाटावं अशी त्यांची मुद्रा होती. ती मुद्रा टिकलीही असती. पण काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि काकूंना सत्तावीस वर्षांचा संसार आठवत होता. त्या संसारात त्यांनी साखर जास्त घातली तर तपासणी झाली होती, माहेरी दोन दिवस जास्त राहिल्या तर तपासणी झाली होती. बोलावं की नाही याचा त्यांनी फार विचार केला नाही.

"मंगळवारी तुम्ही घरी होतात," त्या म्हणाल्या. "दाढ दुखत होती. मी लवंगेचं तेल आणून दिलं, तेव्हा टाइप करत बसला होतात. मला म्हणालात, मध्ये बोलू नकोस, वर्तमानपत्रात आपलं नाव येणार आहे."

"मी एका छायाचित्रकाराला माहिती दिली," दादा म्हणाले. आवाज अजून खणखणीत होता. "अधिकृतपणे."

"ओळखपत्र बघितलं होतं?" धाकट्या भावाने, बेडकीच्या बापाने विचारलं.

"त्याची भाषा सुसंस्कृत होती."

"दुकानदाराच्या वजनावर शिक्का नसला तर तुम्ही दंड करता," काकू म्हणाल्या. "याच्यावर कुठला शिक्का होता?"

दादांनी बायकोकडे असं बघितलं, की जणू एखादा तराजूच त्यांच्याशी बोलला. मग ते स्टुलावर बसलेल्या बेडकीकडे वळले, कारण तिथे वळणं सगळ्यात सोपं होतं.

"या सगळ्याचं मूळ काय? हिचं पोहणं. ही पोहली नसती तर पान उघडलं नसतं. पान उघडलं नसतं तर तो आला नसता."

"पान तू उघडलंस, दादा," धाकटा म्हणाला.

"कौतुकाने उघडलं! आणि आता त्याचं हे फळ." त्यांनी हात लांब करून माऊस पकडला. "सरका. आधी हे पान पुसू दे, मग फॉरमॅट."

"पुसलं तर पोलिसांना काय दाखवायचं?" बेडकीच्या आईने विचारलं.

पोलिसांचं नाव निघालं आणि हॉलमधली माणसं पुन्हा सरकली. आत्ता डोळे पुसणारी आत्या सावरून बसली. पोलीस तिच्या दुकानात येणार, गिऱ्हाइकांसमोर झग्याची चौकशी करणार. आजोबांना आपलं पत्र कुठलातरी हवालदार मोठ्याने वाचतोय असं दिसायला लागलं. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांची नजर चुकवणारे तिघे एका बाजूला झाले.

"घरातलं घरात मिटवावं," आजोबा म्हणाले.

"पोरीचंच नाव खराब होईल," आत्या म्हणाली.

"ऐकलंस?" दादा म्हणाले. "उद्यापासून ती घरात बसेल. मुलगी गेटवर नसली की गेटवर कुणी येणार नाही. साधी गोष्ट आहे."

"मग गेटवर मुलगी दुसऱ्या कुणाची असेल," बेडकीची आई म्हणाली.

दादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पान पुसायची चौकट त्यांनी उघडलीही होती. या एका कामात त्यांचा हात बसलेला होता. आजवर कॉम्प्युटरचं जे काही बिघडलं, ते त्यांनी पुसून टाकूनच दुरुस्त केलं होतं. आत्याचे पाच वर्षांचे फोटो त्यातच गेले होते, आजोबांच्या आठवणींची दोनशे पानंही. दर वेळी सगळे हळहळले होते आणि दर वेळी दादा म्हणाले होते, यंत्र कसं स्वच्छ झालं.

धाकटा उठला. त्याचा हात लहान होता, काचेच्या भुकटीने कायमचा पांढुरका झालेला. तो हात त्याने दादांच्या हातावर ठेवला.

"दादा, हात काढ."

"काय?"

"हात काढ म्हणतोय."

एवढं साधं वाक्य त्याला बेचाळीस वर्षांत बोलता आलं नव्हतं. वाटणीच्या वेळीही नाही, दादांनी मोठी खोली घेतली तेव्हाही नाही. दादा त्याच्याकडे बघत राहिले. धाकट्याने हात तिथेच ठेवला.

"या घरात माझ्या शब्दाला किंमत उरलेली नाही," दादा म्हणाले, आणि माऊस सोडून गॅलरीत गेले. किंमत उरली नाही याचा पुरावा म्हणून त्यांनी स्पिरिटची बाटलीही बरोबर नेली. आजोबांनी डोळे मिटून घेतले. आत्याने शिवण पुन्हा मांडीवर ओढलं आणि ते उलट्या बाजूने शिवायला घेतलं, हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. काकू चहा टाकायला उठल्या आणि आज विचारल्याशिवाय साखर घातली.

बेडकीच्या आईने फोन काढून स्क्रीनवरच्या एकेका निरोपाचा फोटो घेतला, वेळ दिसेल असा. एक निरोपही पुसला नाही. पान लोकांना दिसायचं बंद केलं. क्लबच्या प्रशिक्षक बाईंना फोन लावला आणि सोमवारी छोटं गेट बंद ठेवायला सांगितलं. "पोलीस ठाण्यात आपण तिघे जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "जेवून नाही, आत्ताच. उद्या ती पोहायला जाईल, आणि मी रजा टाकून तिच्याबरोबर जाईन."

"मी जाईन," धाकटा म्हणाला. "तू परवा जा."

बेडकी अजून हॉलच्या मध्यभागी त्या स्टुलावरच होती. तिला ऊठ असं कुणी म्हटलंच नव्हतं. बाप तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या पायातल्या चपलेचा सुटलेला पट्टा लावायला लागला, जसा ती बालवाडीत असताना लावायचा. त्याला तिची माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते या घरात त्याने कधी बघितलं नव्हतं.

"चल," तो म्हणाला. "तुझं काही चुकलेलं नाही. तू सांगितलंस ते फार बरं केलंस."

बेडकी त्याच्या डोक्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, तो शुक्रवारीच आला होता."

पट्टा लावणारा हात थांबला. आईने फोन खाली ठेवला.

"छोट्या गेटपाशी करड्या रंगाची गाडी होती. काच खाली करून म्हणाला, आईला अपघात झालाय, चल लवकर, मी दवाखान्यात नेतो. मी दार उघडलं पण होतं. मग मला वाटलं, आईला काही झालं असतं तर बाबा आले असते. मी पळत परत आत गेले. कपडे बदलायच्या खोलीत बसले, सगळ्या मुली निघेपर्यंत."

आईने तिला जवळ ओढलं.

"अगं, मग सकाळपासून बोलली का नाहीस?" बापाने विचारलं. "आम्ही सगळे इथेच होतो. तासभर तुला विचारत होतो."

"तुम्ही विचारत होता, मी काय केलं," बेडकी म्हणाली. "त्याने काय केलं, ते मला कुणी विचारलंच नाही."